हिवरा आश्रमच्या थांब्यावर

मेहकरहून चिखलीकडे जाणाऱ्या एसटीत बसले की थोड्याच वेळात हिवरा आश्रम येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातील हे गाव विवेकानंद आश्रमामुळे ओळखले जाते. आश्रम गावाच्या नावातच मिसळून गेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या सफरीच्या तेराव्या दिवशी दुपारी आम्ही तिघे पाठीवर सॅक घेऊन तेथे उतरलो. चौथा मित्र थांब्यावर वाट पाहत उभा होता. त्याने आमच्या दाढ्या, धुळीने भरलेले बूट आणि सॅकला बाहेरून बांधलेले ओले टॉवेल पाहिले आणि म्हणाला, “शाळेत असेच जा. पोरं वळखणार नाहीत.”

आम्ही चौघे 2001 साली औरंगाबादला बी.एड. करीत असताना एका खोलीत राहायचो. वर्गात सारख्या नावांची मुले इतकी होती की आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारू लागलो. जालना, भुसावळ, हिवरा आणि मी अकोला. आज चाळिशी उलटून गेली तरी तीच नावे चालतात. माझी मुले तर भुसावळला ‘भुसावळचाचा’च म्हणतात. त्याचे खरे नाव त्यांना बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

त्या खोलीत ठरले होते की एकदा पाठीवर सामान घेऊन फिरायचे. गाडी नाही, हॉटेलचे बुकिंग नाही. जमेल तेथे पायी, नाही तेथे एसटी, रात्री मशिदीच्या मुसाफिरखान्यात किंवा ओळखीच्या घरी. नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, मुले मोठी झाली आणि ठरलेली गोष्ट तेवीस वर्षे ठरलेलीच राहिली. शेवटी जालन्याने तारीख कळवली. हिवऱ्याच्या घरी सोयाबीनचे आवरणे चालू होते आणि आईचे गुडघेही दुखत होते, म्हणून तो निघू शकला नाही. “शेवटचा मुक्काम माझ्याकडं,” एवढी अट मात्र त्याने घातली.

तेरा दिवस

सुरुवात बुऱ्हाणपूरपासून केली. तेथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. फारुकी सुलतानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो कोरून घेतला. मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. त्या लेखासमोर मी किती वेळ उभा होतो हे भुसावळ अजून सर्वांना सांगत असतो. तेथलाच कुंडी भंडारा पाहिला. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरापर्यंत आणण्याची ही व्यवस्था झाली.

पुढे मलकापूरमार्गे रोहिणखेडची जुनी दगडी मशीद, मग बुलढाण्याचा घाट, सैलानी आणि चिखली. तेथून लव्हाळ्याला उतरून साखरखेर्डा गाठले. ऑक्टोबर 1724 मध्ये निजामुल्मुल्कने येथे मुबारिझखानाचा पराभव केला आणि या गावाला फत्तेखेर्डा नाव दिले. हैदराबादच्या राज्याची वाट येथून मोकळी झाली. आज तेथे बाजाराच्या दिवशी शेवचिवड्याच्या पाट्या लागतात. ज्या लढाईने दख्खनचा दोनशे वर्षांचा नकाशा बदलला, तिच्याविषयी विचारल्यावर चहावाल्याने आधी साखर कमी का जास्त ते विचारले.

मेहकरला पैनगंगेच्या काठी एक रात्र राहिलो. शारंगधर बालाजीची मूर्ती पाहायला लोक तेथे लांबून येतात. आम्हाला मात्र मोमीन विणकरांविषयी वाचलेले आठवत होते. एके काळी हे विणकर इतके सुस्थितीत होते की गावाच्या तटबंदीचा भार त्यांनी उचलला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. हातमागाचा आवाज मात्र आम्हाला कोठे ऐकू आला नाही.

सफरीवर निघालेले तिघे असले तरी त्यांनी आपल्यातील एकाला अमीर नेमावे, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आम्ही जालन्याला अमीर केले. पैसे त्याच्याकडे, गाड्यांच्या वेळा त्याच्याकडे, कुठे थांबायचे हा निर्णयही त्याचाच. भांडण झाले तर त्याचा शब्द शेवटचा. तेरा दिवसांत भांडणे तीनच झाली, तीही भुसावळच्या घोरण्यावरून.

लोणारची चढण

लोणारचे सरोवर वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. उल्का बेसाल्ट खडकावर आदळून झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर आहे. पाणी खारट आणि क्षारयुक्त. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा देशभर बातम्या झाल्या आणि त्याच वर्षी ते रामसर स्थळांच्या यादीत गेले. खाली उतरणे सोपे आहे. वर चढताना माझा डावा गुडघा बसला.

मी दगडावर बसून राहिलो. जालना काही बोलला नाही. त्याने माझी सॅक उचलली आणि पोटाच्या बाजूने अडकवली. पाठीवर त्याची, पुढे माझी. वरपर्यंत तसाच चढला. मध्ये दोनदा थांबला, तेही माझ्यासाठी.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. कोणी एकाने दुसऱ्या माणसाची तारीफ केली, तेव्हा त्यांनी विचारले की तू त्याच्याबरोबर कधी सफर केली आहेस का, पैशाचा व्यवहार केला आहेस का, शेजारी राहिला आहेस का. नसशील तर तू त्याला ओळखत नाहीस. मी हा प्रसंग वर्गात कितीदा सांगितला आहे. त्या चढणीवर मात्र तो मला उलट्या बाजूने आठवला. जालन्याला मी ओळखतो हे खरे, पण त्याने मला कधीच ओळखले आहे, ही गोष्ट मी सोळा वर्षे टाळत आलो होतो.

सांगतो. जालन्याला विनाअनुदानित शाळेत नोकरी लागली होती. ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हजेरीपटावर सही रोजची, पगार नाही. आज ना उद्या अनुदान येईल म्हणून माणूस वर्षामागून वर्षे शिकवत राहतो. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द शासनाने 2009 साली काढला, पण शब्द निघाला म्हणून पगार आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याने मला फोन केला होता. मी ज्या अनुदानित शाळेत होतो तेथे एक जागा रिकामी होणार होती. “तू चिटणीस साहेबांच्या कानावर घाल. बाकी अर्ज, मुलाखत मी बघतो,” एवढेच तो म्हणाला. मी म्हणालो, “बघतो.”

मी बघितले नाही. मी स्वतः नवीन होतो, माझी सेवा कायम व्हायची होती. कोणाची शिफारस केली तर आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील असे वाटले. जागा दुसऱ्याला मिळाली. मी बोललो असतो तरी कदाचित तसेच झाले असते. पण मी बोललो नाही, आणि बोललो नाही हे त्याला कधी सांगितलेही नाही. आणखी चार वर्षे बिनपगारी शिकवून त्याने शाळा सोडली आणि गणवेशाचे दुकान टाकले. जून महिन्यात आजही तो शाळेतच असतो. फरक इतकाच की पोरांची मापे घेत असतो.

आश्रमात

हिवऱ्याच्या घरी जेवून दुपारी आश्रमात गेलो. संत शुकदास महाराजांनी 1965 साली हे काम सुरू केले. रुग्णसेवा, मग शाळा, मग कृषी महाविद्यालय असे ते वाढत गेले. महाराज 2017 साली गेले, काम चालू आहे. पौष महिन्यात, साधारण जानेवारीत, विवेकानंद जयंतीचा तीन दिवसांचा उत्सव असतो. शेवटच्या दिवशी पुरी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते. लोक इतके असतात की वाढायला ट्रॅक्टर लागतात. आमचा मित्र दरवर्षी स्वयंसेवक असतो. “पंगतीच्या मधून ट्रॅक्टर हळूहळू चालतो, आम्ही ट्रॉलीतून पुऱ्या खाली देतो. एका पंगतीत कोण कोण बसलंय, कुणी विचारत नाही. विचारायला येळच नसतो,” तो म्हणाला.

मी त्याला म्हणालो की तुमचे स्वामीजीही आमच्यासारखेच पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरले. तेव्हा त्याने जी गोष्ट सांगितली ती मला आधी माहीत नव्हती. घरी आल्यावर चरित्र काढून पाहिले, गोष्ट तशीच आहे.

1890 च्या अखेरीस विवेकानंद मेरठला आपल्या गुरुबंधूंबरोबर काही आठवडे राहिले. नंतर त्यांनी सर्वांचा निरोप घेतला आणि पुढे एकट्यानेच जायचे ठरवले. दिल्लीत सोबती पुन्हा भेटले तेव्हाही मागे येऊ नका असेच सांगितले. 1891 च्या फेब्रुवारीत ते राजस्थानात अलवरला पोहोचले. तेथे एका बंगाली डॉक्टरने त्यांची राहायची सोय केली आणि धावत जाऊन आपल्या मित्राला बोलावून आणले. हा मित्र हायस्कूलमध्ये उर्दू आणि फारसी शिकवणारा मौलवी होता. पुढे मौलवीसाहेबांनी स्वामीजींना घरी जेवायला बोलावले आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारले. मार्चअखेर ते अलवर सोडून निघाले तेव्हा तेथली माणसे त्यांना सोडायला तयार होईनात. कितीतरी मैल ती बरोबर चालत, बैलगाडीतून आली.

“तुझ्यासारखाच उर्दूचा मास्तर,” हिवरा मला म्हणाला. “सव्वाशे वर्षांनंतर आज मीबी एका उर्दूच्या मास्तरला जेवू घातलं. फिटंफाट.”

मला गंमत वाटली, पण त्याहून एक विचार मनात रुतला. ज्याला कोणी सोबती नको होता त्यालाही लोक पोहोचवायला गेले. याउलट इब्न बतूता. 1325 साली, एकविसाव्या वर्षी, तो टँजियरहून एकटा हजला निघाला. ट्यूनिसला पोहोचला तेव्हा काफिल्यातल्या प्रत्येकाला भेटायला कोणी ना कोणी आले, त्याला सलाम करणारे कोणी नव्हते. त्याला रडू आवरेना. पुढे तो आपल्या दौलताबादपर्यंत येऊन गेला, पण त्या दिवसाची नोंद त्याने आपल्या सफरनाम्यात ठेवलीच. सोडायला आणि घ्यायला कोणी असणे ही सफरीतली लहान नेमत नाही.

कोराडीच्या काठावर

अस्रची नमाज हिवऱ्याच्या ओसरीवर केली. त्याच्या आईने धुतलेली चादर अंथरून दिली. नमाज झाल्यावर हिवऱ्याने विचारले, “चार असतात ना? तुम्ही दोनच केल्या.” भुसावळने सांगितले की मुसाफिराला सवलत असते, चार रकातींच्या दोन होतात, घरी पोहोचलो की पुन्हा चार.

मग कोराडी जलाशयावर गेलो. पाण्यातल्या बेटावर विवेकानंदांचे स्मारक आहे. तेथे नावेने जातात. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होते, म्हणून काठावरच बसलो. पलीकडे कापसाची शेते होती आणि वेचणीवरून परतणाऱ्या बायकांचे बोलणे पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होते. मगरिब तेथेच अदा केली.

भुसावळने सुरुवात केली. आपल्याकडे लांबच्या प्रवासाच्या आधी किंवा निरोपाच्या वेळी म्हणतात तसे तो म्हणाला, “भाईयो, तेरा दिन में कुछ कमी-बेशी हुई हो, कहा-सुना माफ करना.” आम्ही म्हणालो, “माफ.” जालन्यानेही तेच म्हटले. माझी पाळी आली. मी जालन्याकडे न पाहता म्हणालो, “कहा-सुना माफ कर, यार.”

तो शांतपणे म्हणाला, “तूने तो कुछ कहा ही नहीं था. वही तो बात है.”

भुसावळला काही कळले नाही. हिवरा उठून पाण्याकडे गेला. त्याला कळले असावे. माझा घसा कोरडा पडला. मी सगळे सांगितले. फोन, ‘बघतो’, चिटणीस साहेबांच्या खोलीसमोरून तीनदा जाऊन परत येणे. स्वतःची बाजू मांडू लागलो तेव्हा त्याने हात वर करून थांबवले.

“मला त्याच आठवड्यात कळलं होतं,” तो म्हणाला. “तुमच्याच शाळेतल्या एकाने सांगितलं. तू बोललास की नाही एवढंच विचारलं होतं मी.”

“मग सोळा वर्षं गप्प का राहिलास?”

“राहिलो कुठं? तीन वर्षं तुझ्या घरी आलो नाही. तुला वाटलं दुकानात अडकलो.” मग थोडे थांबून म्हणाला, “नोकरी तुझ्या हातात नव्हती. पण मी महिनाभर फोनकडं बघत बसायचो. तू नाही म्हणाला असतास तर दुसऱ्याच दिवशी दुसरीकडं अर्ज टाकला असता. त्या महिन्याचं वाईट वाटलं.”

मी माफी मागितली, या वेळी नाव घेऊन, गोष्ट सांगून. त्याने लगेच “माफ” म्हटले नाही. पायाखालचा खडा उचलून पाण्यात टाकला. “माफ केलं ते लोणारच्या आधीच. पण एक शर्त. यापुढं कुणी काम सांगितलं तर ‘बघतो’ म्हणायचं नाही. हो किंवा नाही. मास्तर आहेस, पोरांना शिकवतोस.”

एवढ्यात हिवरा परत आला आणि “भाकरी थंड होतेय” म्हणाला.

वाचकहो, आपण ‘कहा-सुना माफ’ किती सहज म्हणतो. हजला निघालेल्यांच्या घरी तर रांगेत उभे राहून म्हणतो. त्यामागे आदब आहे, नक्कीच आहे. पण ज्याची माफी मागायची त्या गोष्टीचे नाव घेतले नाही तर ती तोंडावरून फिरवलेल्या ओल्या हातासारखी असते. माणसाचा हक्क माणसाने माफ करावा लागतो आणि काय माफ करायचे आहे हे सांगणे मागणाऱ्याचे काम आहे. सांगायला इतका उशीर लागला याची मला आजही लाज वाटते. सांगायला तो समोर होता, हे मात्र अल्लाहचे मोठे उपकार.

येतो म्हणावं

रात्री वहिनींनी वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेवेची भाजी केली होती. आम्ही येणार म्हणून भांडी वेगळी घासून ठेवल्याचे त्या सांगत होत्या. आम्ही म्हटले की वहिनी, तेवीस वर्षांपूर्वी याच माणसाबरोबर एका ताटात जेवलो आहोत. माय हसल्या आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. गुडघ्याला त्या रोज लावतात ते तेलही त्यांनी मला दिले. आम्ही दोघे गुडघेवाले बराच वेळ त्यावरच बोललो.

सकाळी जालना आणि भुसावळ यांना चिखलीकडची गाडी होती. मला मेहकरहून खामगावमार्गे जायचे होते. एकाच थांब्यावर, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गाड्या. निघताना भुसावळ म्हणाला, “अच्छा माय, जातो.” मायनी लगेच टोकले, “जातो म्हनू नाही बाबू. येतो म्हनावं.” भुसावळने कान पकडून “येतो” म्हटले.

उर्दूत आपण ‘खुदा हाफिज’ म्हणतो, जाणाऱ्याला अल्लाहच्या हवाली करतो. पैगंबर (स.) निरोप देताना जी दुआ करीत तिच्यातही माणसाचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट अल्लाहकडे सोपवलेला आहे. मराठीत ‘येतो’ म्हणतात, म्हणजे परतण्याचा शब्द देऊन निघतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, पण हे दोन निरोप शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. पहिल्यात माणूस जाणाऱ्याला सोडून देतो, दुसऱ्यात सोडत नाही. त्या सकाळी मला दोन्ही हवे होते.

चिखलीची गाडी आधी आली. अमीराने सफरीच्या हिशेबाची वही माझ्या हातात दिली. प्रत्येकाचे किती निघतात ते शेवटच्या पानावर लिहिले होते. माझे एकशे चाळीस रुपये देणे निघत होते. मी पाकीट काढले तर तो दारातून ओरडला, “जालन्याला येऊन दे. हो की नाही?”

“हो,” मी ओरडलो.

संध्याकाळी घरी पोहोचलो. मुलांनी सॅक उपसली. वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा त्यांनी जेवणाआधीच संपवला. इशाच्या नमाजसाठी मशिदीत गेलो तर जमात होऊन गेली होती. एकटाच उभा राहिलो. दोन रकातींनंतर सवयीने सलाम फेरायला मान वळू लागली, तेव्हा आठवले की आता चार.